कोवळ्या उन्हाची बाटली

१

देबजानीदींनी पेला नाकाशी नेला आणि घोट न घेताच तो टेबलावर परत ठेवला.

"ए की?" हे काय, एवढंच म्हणाल्या. मग पेला प्रथमेशकडे सरकवला. "तूच बघ."

प्रथमेशनं वास घेतला. जळालेलं रबर, त्यात ठेचून विसरलेला लसूण, आणि वर जिन्यात मांजर बसून गेल्यावर येतो तसा दर्प. त्याच्या बियरला असा वास कधीच आला नव्हता.

हे सगळं त्यानं मला शनिवारी संध्याकाळी आमच्या बालीगंजच्या फ्लॅटच्या दारात, बूटही न काढता सांगितलं. माझ्या खांद्यावर विहंग नुकताच झोपला होता, म्हणून तो कुजबुजत होता. आतल्या खोलीत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, टीव्ही बघत होत्या. कुजबुजण्याचं ते दुसरं कारण.

प्रथमेश माझा धाकटा दीर; नवरा महिनाभरासाठी कामानिमित्त बाहेरगावी आहे. वर्षापूर्वी पुण्याहून आला, आमच्याकडेच राहतो. सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये देबजानी सान्याल यांचं एक रेस्तराँ आहे. त्याच्या मागच्या बाजूला छोटी ब्रुअरी आहे आणि तिथं हा बियर बनवतो. आई नातवासाठी मिरजेहून आल्या आहेत. मुलगा सरबताच्या कंपनीत आहे असं त्यांना सांगून ठेवलंय. मला ते पटलं नव्हतं, पण विहंगच्या जन्मानंतर कुणाच्या खोट्याला विरोध करण्याइतकी झोप मला मिळालेली नाही.

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय. त्या म्हणाल्या, सोमवारी सकाळपर्यंत सांग हे कसं झालं. नाही सांगता आलं तर ही बियर बंद, नेहमीची सुरू. आणि ज्यानं बाटल्या भरल्या त्याला काढायचं."

"कुणी भरल्या?"

"शौभिकनं. आणि वहिनी, त्यानंच केलंय हे. त्यानं कबूलसुद्धा केलं."

२

शौभिक प्रथमेशचा मदतनीस. बराकपूरचा मुलगा, घरी आई आणि शिकणारी बहीण. दोनदा आमच्याकडे जेवून गेलेला. दोन्ही वेळा विहंगला घेऊन येरझाऱ्या घालत होता, म्हणजे मला गरम जेवता आलं होतं. असा माणूस घाण वासाची बियर भरेल हे माझ्या डोक्यात शिरेना.

"काय कबूल केलं?"

"माझ्या तोंडावर म्हणाला, आमि अनेक चेष्टा कोरेछि. खूप चेष्टा केली म्हणे. माझी."

मी विहंगला पाळण्यात ठेवलं आणि मग हसले. "अरे, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तो म्हणाला, मी खूप प्रयत्न केले."

प्रथमेशनं तेव्हा बूट काढले. सावकाश.

"मी त्याला देबजानीदींसमोर काय काय बोललो, वहिनी."

"ते नंतर. बाटली आणलीस?"

त्यानं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. शुक्रवारी एकूण चार आणल्या होत्या. देबजानीदींचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, म्हणून एक रात्र आमच्या फ्रिजमध्ये. त्यातल्या तीन तपकिरी काचेच्या, बिनालेबलच्या. चौथी साध्या पांढऱ्या काचेची. चिन्मयला फोटोसाठी रंग दिसायला हवा होता. हा चिन्मय देबजानीदींची जाहिरात बघतो. त्या बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर प्रथमेशच्या ठसठशीत अक्षरात: कोवळं ऊन.

"हे काय?"

"नाव. बियरचं. देबजानीदींना इंग्रजी हवंय, पण मला हेच सुचलं. रंग बघ ना." मग त्याला आठवलं की आता त्याचा उपयोग नाही. "घाण वास त्याच बाटलीचा. तपकिरीतली एक तिथंच नंतर उघडली, ती उत्तम होती. पण तोवर देबजानीदी उठून गेल्या होत्या."

मी चहा चाखायची नोकरी करते. लिलावाआधी दिवसभर घोट घ्यायचे, तोंडभर खळखळवायचे आणि थुंकायचे. सध्या बाळंतपणाची रजा आहे, बियर पोटात जाऊन चालणार नव्हती, पण थुंकायला कुणाची मनाई नाही. मी बेसिनपाशी दोन पेले घेतले.

आधी तपकिरी. पेल्यात हापूसचा रस पाण्यात सैल केल्यासारखा रंग, आरपार बोट दिसत नव्हतं. गढूळच असायला हवी ही, प्रथमेश म्हणाला. यात ओट्स असतात आणि हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू सुवासिक फुलं, उकळून झाल्यावर थंड बियरमध्ये भरमसाट घालतात. वास आधी आंब्याच्या देठाचा आला, मग बातावी लेबू, म्हणजे पपनस, सोलताना उडतो तो, आणि मागून ओलं गवत. तोंडात पेजेसारखी मऊ. शेवटी संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा, जिभेच्या मागे, बेताचा. मी थुंकले आणि मला वाईट वाटलं.

मग पांढरी. नाक मिटून घोट घेतला. तीच मऊ पेज, तोच शेवटचा कडवटपणा. आंबट नाही, पाणचट नाही, परकं काही नाही. नाक सोडलं आणि मांजर आलं.

"टोपण काढताना आवाज झाला होता?"

"नेहमीसारखा. फेसही आला. टोपण शाबूत होतं, ते तर मी आधी बघितलं. म्हणूनच म्हणतो, जे घातलं ते टोपण लावण्याआधीच. आणि दाबायचं यंत्र ब्रुअरीतच आहे."

"प्रथमेश, यात कुणी काही घातलेलंच नाही. चव जशीच्या तशी आहे. फक्त वास बिघडलाय." मी बाटली दिव्यापाशी धरली. "टोपण न उघडता जे आत गेलं, ते शोधायचं."

दोऱ्याचा पुठ्ठा बोटाला लागला. कडेला तेलकट डाग होता. माझ्याच हाताचा असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. दिवसभर बाळ अंगावर असलं की बोटांचं असंच होतं.

३

रविवारी सकाळी चिन्मयला घरी बोलावलं. त्याचे पणजोबा कोलकात्याला आले. हा दमदमला वाढला, मराठी बोलतो पण वाक्य मधेच वळण घेतं.

"तुला ही बियर नकोच होती म्हणे," मी म्हटलं.

"नको म्हणजे, मी बोललो होतो की गढूळ बियर इथं कोण पिणार. लोक विचारतील, गाळायला विसरला का. मला स्वच्छ, गाळलेली लागर बियर पाहिजे होती. पण त्यासाठी मी बियर खराब करणार? मृणाल, मी फोटोवाला माणूस."

"फोटो कधी काढलेस?"

"काल सकाळी. तुमच्याच इथं, बैठकीत. तू झोपली होती, काकू बाळाला घेऊन होत्या. मला म्हणाल्या बस, चहा घे."

"बाटली फ्रिजमधून कुणी काढली?"

"कुणी नाही. ती टेबलावर होती. मला वाटलं प्रथमेशनं माझ्यासाठी ठेवली. फोटो झाल्यावर मी फ्रिजमध्ये ठेवली."

प्रथमेश म्हणाला, "मी पहाटेच बाहेर पडलो होतो, दुपारी बाटल्या न्यायला आलो तेव्हा चारही फ्रिजमध्येच होत्या. मी नाही ठेवली."

चिन्मयनं मोबाइलवर फोटो दाखवले. बाटली सोनेरी, काचेवर थेंब, मागे आमचा करडा पडदा, उजेड मंद. खिडकी बंद होती, त्यानं सांगितलं, प्रकाश पडला की काच चमकते.

"थेंब छान आलेत," मी म्हटलं.

तो जरा ओशाळला. "ते खरे नाहीत. मी पाणी मारलं, फवाऱ्यानं. थंड बाटली असती तर आपोआप आले असते ना. ही कोमटच होती."

कोलकात्याच्या दमट हवेत फ्रिजमधली वस्तू बाहेर आली की तिला घाम फुटतो. टेबलावर तासभर ओघळ येत राहतात. ही बाटली चिन्मय यायच्या खूप आधीपासून बाहेर होती.

"म्हणजे गरम होऊन खराब झाली?" प्रथमेशनं विचारलं.

"तुझी बियर एका सकाळच्या कोमटपणानं अशी होते?"

"नाही. फुलांचा वास जरा मावळेल. पण मांजर नाही येणार."

"मग बाटली नुसती बाहेर नव्हती. कुठेतरी गेली होती."

४

शौभिकला मी फोन केला. प्रथमेशचा फोन तो घेत नव्हता.

"बौदी, मी काय सांगू," तो हिंदीत म्हणाला. बौदी म्हणजे वहिनी. "चारही एकाच टाकीतल्या, एकामागून एक. पांढरी बाटली मला नकोच होती. प्रथमेशदादांना म्हटलंही होतं, ही देऊ नका."

"का नको?"

"ज्यानं मला शिकवलं तो म्हणायचा, पांढऱ्या काचेत नाही भरायची. कारण नाही सांगितलं त्यानं. दादांनी पण विचारलं नाही, चिन्मयबाबूंना फोटो पाहिजे होता. मग मी भरली." त्यानं विचारलं, "माझी नोकरी गेली का, बौदी? आईला अजून सांगितलं नाही."

मी म्हटलं, "नको सांगूस."

फोन ठेवला आणि विहंगला दूध पाजायला बसले. पाजताना हात अडकलेले असतात, डोकं मोकळं. आमच्या कचेरीतल्या मांडण्या डोळ्यांसमोर आल्या. चहाचे नमुने आम्ही पत्र्याच्या डब्यांत ठेवतो. काचेच्या बरणीत कधी नाही, कारण काचेतून चहाला उजेड लागतो आणि चवीचं मातेरं होतं.

टोपण न उघडता आत जाणारी गोष्ट. तपकिरी काच जिला अडवते, पांढरी अडवत नाही.

"प्रथमेश," मी हाक मारली, "हॉप्सना ऊन लागलं तर काय होतं?"

तो दारात आला. त्याचा चेहरा मी बोलत असतानाच बदलत गेला.

"कडूपणा फुटतो. उन्हात. पुस्तकात वाचलंय. जितके जास्त हॉप्स, तितकं वाईट. माझ्यात तर..." तो दाराच्या चौकटीला टेकला. "म्हणून बाटल्या तपकिरी असतात. वहिनी, मला हे माहीत होतं. फोटोच्या नादात मी ते बाजूला ठेवलं."

"पण आमच्या बैठकीत ऊन येत नाही. फ्रिजमध्येही नाही. ऊन फक्त गच्चीवर येतं."

५

मालतीमाशी (इथं मावशीला माशीच म्हणतात) रोज सकाळी धुणं आणि विहंगचं मालिश करायला येतात. प्रथमेशला वाटलं, त्यांनी बाटली तेलाची समजून गच्चीवर नेली असणार.

"दादार शरबत?" त्या म्हणाल्या. "मी कशाला हात लावू? काल मी खाली कपडे धूत होते. बाबूला गच्चीवर माँजी घेऊन गेल्या. मालिशपण त्यांनीच केलं. माझं सरसोंचं तेल त्यांना आवडत नाही, बाळाला झोंबतं म्हणतात."

त्या हसल्या, आणि मला तो पुठ्ठ्यावरचा डाग आठवला.

मी हात साबणानं दोनदा धुतले, लिंबू चोळलं, पुसले. मग पिशवीतून पांढरी बाटली काढली, पुठ्ठा दोऱ्यासकट सोडवला आणि मांजराच्या वासापासून दूर, खिडकीपाशी नेऊन हुंगला.

मोहरीच्या तेलाचा वास नव्हता. खोबरेल होतं, आणि त्यात वेखंड. मिरजेहून डबीत आणलेलं वेखंड, उगाळून, खोबरेलात कालवून. या अख्ख्या इमारतीत तो वास एकाच माणसाच्या हाताला येतो. माझ्या मुलाच्या टाळूलाही येतो, म्हणून तो मला इतका ओळखीचा होता की काल कळलाच नाही.

पण त्यांनी बाटली का न्यावी? चार बाटल्या होत्या. तीन तशाच राहिल्या. नेमकी ही एक.

मी पुठ्ठा उलटा केला, परत सुलटा केला. कोवळं ऊन. शौभिकला हे वाचता येत नाही, मालतीमाशींना नाही, देबजानीदींना अडखळत. चिन्मयला वाचता येतं, पण त्याला ते नाव आहे हे माहीत होतं. हे दोन शब्द वाचता येणारं आणि ते नाव आहे हे माहीत नसणारं या गोष्टीत एकच माणूस होतं. आणि त्या माणसानं आयुष्यभर साखरांब्याच्या बरण्यांना, लोणच्यांना, उशांना आणि पोरांना ऊन दाखवलं होतं.

मी प्रथमेशला बोलावून सगळं सांगितलं. त्यानं पुठ्ठा माझ्या हातातून घेतला.

"आईला नको विचारायला," तो म्हणाला. "मी देबजानीदींना सांगतो, ऊन लागलं. कुणी ठेवली ते नाही सांगत."

"त्या विचारतील, कुणी. तू गप्प राहिलास की त्यांना पुन्हा शौभिकच दिसेल. त्यानंच भरली, त्यानंच ठेवली."

"वहिनी, आईनं दारूच्या दुकानासमोरून जाताना कायम रस्ता बदललाय. बाबांच्या भावाचं माहितीय ना तुला."

"माहितीय. आणि शौभिकच्या आईनं अजून काही ऐकलेलं नाही. ठरव तू."

तो उठला. मला वाटलं खोलीत जाईल. तो स्वयंपाकघरात गेला.

६

आई भाजणी चाळत होत्या. मी विहंगला घेऊन दाराशी उभी राहिले.

"आई, काल फ्रिजमधली एक बाटली तू गच्चीवर नेली होतीस?"

"नेली होती की." त्यांनी मान वर केली नाही. "तू चिठ्ठी बांधून ठेवलीस आणि स्वतः निघून गेलास. नेहमीचंच तुझं. म्हटलं विहंगला नेतेच आहे, तर तीही ठेवू. दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. ऊन तापायला लागल्यावर आणली खाली. सरबताला ऊन कशाला ते कळलं नाही, पण तुझ्या कंपनीचं तुला माहीत."

"चिठ्ठी नव्हती ती. नाव होतं."

"कशाचं?"

प्रथमेशनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही.

"बियरचं. मी बियर बनवतो, आई. सरबताची कंपनी नाही ती. आणि त्या बियरला ऊन लागलं की घाण वास येतो. काल आला. मी शौभिकवर ढकललं, आता त्याची नोकरी जातेय."

चाळणी थांबली. विहंगनं माझ्या गळ्यातली साखळी तोंडात घातली.

"म्हणजे दारू," आई म्हणाल्या.

"हो."

"आणि माझ्या नातवाशेजारी मी ती झोपवली. टोपडं घालायची तेवढी राहिली." त्यांनी हात पदराला पुसले. हसत नव्हत्या. "वर्षभर सरबत सरबत करत होतास. मी मिरजेत सगळ्यांना सांगितलं. फाटकबाईंनी कोकमाचा भाव विचारला होता तुझ्यासाठी."

"चुकलं माझं."

"ते आपण बोलू. तुझ्याशी मला बरंच बोलायचंय." त्या पाटावरून उठल्या. "त्या मुलाला फोन केलास का?"

"तो घेत नाही माझा."

"तुझा नसेल घेत. मृणालच्या फोनवरून लाव, आणि माझ्याकडे दे. चूक माझ्या हातून झाली, आणि तू इथं माझं तोंड बघत उभा आहेस."

शौभिकला मराठी येत नाही, आईंना बंगाली येत नाही, आणि दोघांची हिंदी दोन दिशांची. तरी ते बराच वेळ बोलले. आई "बेटा, धूप हमने दिखाया" असं पुन्हापुन्हा म्हणत होत्या. शेवटी त्यांनी फोन प्रथमेशला दिला, तेव्हा तो नुसता म्हणाला, "शौभिक, मला चेष्टाचा अर्थ माहीत नव्हता."

सोमवारी सकाळी देबजानीदींच्या गच्चीवर आम्ही आणि शौभिकनं चांगल्या बियरचे दोन पांढरे पेले ठेवले, वर बशा झाकून. एक उन्हात, एक टाकीच्या सावलीत. विहंगला ऊन दाखवायला जितका वेळ लागतो तितका वेळ थांबलो. तो उघडाच होता आणि खुशीत पाय झाडत होता. मग देबजानीदींनी आधी उन्हातला पेला हुंगला आणि तोंड फिरवलं. सावलीतला हुंगला आणि पिऊन टाकला. सकाळची वेळ होती, तरी.

"बातावी लेबू," म्हणाल्या. मग शौभिककडे वळल्या. "पांढऱ्या बाटल्या किती उरल्यात? फेकून दे."

७

आई प्रथमेशशी चार दिवस कामापुरतंच बोलल्या. पाचव्या दिवशी त्याच्या ब्रुअरीत जाणाऱ्या डब्याबरोबर त्यांनी एक पुठ्ठ्याचा तुकडा दिला. दोरा ओवलेला, अक्षर शाळेतलं. "पहिल्या खोक्याला बांध," म्हणाल्या. "मी पीत नाही, पिणाऱ्यांचं मला कौतुक नाही. पण वस्तू खराब होऊ नये."

प्रथमेश कामात होता. त्यानं तो शौभिकच्या हातात दिला आणि विसरला.

शौभिकनं संध्याकाळी रेस्तराँच्या काळ्या फळ्यावर नव्या बियरचं नाव लिहायला घेतलं. इंग्रजी नाव अजून ठरलं नव्हतं. त्यानं पुठ्ठा समोर धरला आणि एकेक अक्षर बघून खडूनं उतरवलं, बंगाली वळणानं, वरच्या रेघेवर विशेष मेहनत घेऊन. पुण्याहून बदलून आलेली आयटीतली काही मुलं तिथं बसली होती. त्यांनी फळा वाचला, एकमेकांकडे पाहिलं आणि तीच मागवली. मग शेजारच्या टेबलानं विचारलं, ही कुठली.

नाव तेच राहिलं. चिन्मयनं फळ्याचा फोटो पाठवला, तो मी आईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून मोबाइल लांब धरला आणि सावकाश वाचलं.

उन्हात ठेवू नये.

"शुद्धलेखन बरोबर आहे," आई म्हणाल्या, आणि विहंगला उचलून गच्चीवर घेऊन गेल्या.